चाळीसपर्यंत मोजा

दुरुस्त झालेली वस्तू हातात द्यायच्या आधी उस्ताद तिचा प्लग खाडकन उपटत. आधी बटण बंद करणं वगैरे काही नाही. चालू मिक्सर असो, चालू टीव्ही असो, वायरीला धरून सरळ हिसका. गिऱ्हाईक घाबरून "अहो, अहो" म्हणेपर्यंत प्लग पुन्हा आत. असं दहा वेळा. दहाही वेळा वस्तू मुकाट्यानं सुरू झाली तरच ती गिऱ्हाइकाच्या पिशवीत जायची, नाहीतर परत टेबलावर. कोणी कुरकुर केली की म्हणत, "मी दहा खेपा उपटलं तं तुमी बोंबलून राह्यले. घरी गेल्यावर लाइन शंभर खेपा उपटते, तवा कोणाले सांगान?"

मारेगावात राहणाऱ्या माणसाला हे मान्यच करावं लागायचं. आमच्याकडे वीज म्हणजे लाइन. ती जाते तेव्हा सांगून जात नाही आणि आली की दोन मिनिटांत परत जाणार नाही याची कोणी हमी देत नाही. नागपुरात दुरुस्त केलेली वस्तू नागपुरातच चालते, असं उस्तादांचं ठाम मत होतं. आमची वस्तू आमच्या लाइनचा मार खाऊन तयार झालेली पाहिजे.

त्यांचं नाव शेख रशीद. पण बस स्टँडवर उतरून कोणी "शेख रशीद कुठं राहतात?" असं विचारलं असतं, तर लोकांनी त्याला तीन वेगवेगळ्या मोहल्ल्यांत पिटाळलं असतं. "उस्तादचं दुकान?" म्हटलं की लहान पोरसुद्धा बोट दाखवायचं. दुकान कसलं, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी खोली. मेंदीनं लाल झालेली दाढी, चष्म्याची एक दांडी तांब्याच्या तारेनं बांधलेली, खांद्यावर गमछा. कोणाच्या घरी दुरुस्तीला गेले तर खुर्चीवर कधी बसत नसत. गमछा फरशीवर अंथरायचा, त्यावर पक्कड-पेचकस मांडायचे आणि आपण बाजूला मांडी घालून बसायचं. मी एकदा जबरदस्तीनं खुर्ची पुढे केली, तर म्हणाले, "बेटा मॅडम, खुर्चीवर बसलेल्या माणसाले पेच दिसत नाही." मी शाळेत शिकवते म्हणून मॅडम, आणि त्यांनी मला फ्रॉकमध्ये पाहिलं होतं म्हणून बेटा. दोन्ही मान ते एका दमात देऊन टाकत.

सुरुवात त्यांनी रेडिओपासून केली. मग टीव्ही, कूलर, शेतातल्या मोटारींचे स्टार्टर, आणि म्हातारपणी कॉम्प्युटर. त्यांचा मुलगा सलीम पुण्याला कॉम्प्युटरच्याच कामात आहे. एका सुट्टीत येऊन जाताना तो आपला जुना कॉम्प्युटर दुकानात ठेवून गेला आणि बजावून गेला, की फेकू नका, पण उघडूही नका. उस्तादांनी दुसऱ्याच दिवशी उघडला. मोबाइलवरचे व्हिडिओ बघत बघत त्यांनी त्यात कॉम्प्युटर चालवायचं लिनक्स की काय म्हणतात ते टाकलं. साठी उलटलेला माणूस काळ्या पडद्यावर एका बोटानं इंग्रजी अक्षरं टिपत बसलेला पाहून मी थट्टा केली, "उस्ताद, इंग्रजी कधी शिकलात?" तर मान वर न करता म्हणाले, "कुठं येते? वायरीचा रंगबी मी वाचत नाही, ओळखतो."

कॉम्प्युटरवर त्यांचा एकच राग होता. "याचं आंगण लय मोठं हाय," म्हणत. म्हणजे असं, की कॉम्प्युटर सुरू केला की आधी डोंगराचं चित्र येणार, त्यावर बारक्या चित्रांच्या रांगा, खाली पट्टी, कोपऱ्यात घड्याळ, मधूनच एखादी चौकट वर येऊन 'हे करू की ते करू' विचारणार. याला डेस्कटॉप म्हणतात. तो ओलांडून आपण आपल्या कामापाशी पोचायचं. उस्तादांना हे पटायचंच नाही. "रेडिओचा कान पिरगळला का गाणं लागते. मंधात रेडिओ पुसते का, पैले कोणत्या खोलीत जाता म्हणून? बोला, रेडिओत डेस्कटॉप कुठं असते?" दुकानात बसलेल्या कोणालाही ते हे विचारत. उत्तराची कोणाकडून अपेक्षा नसायची. मीही हसून सोडून दिलं होतं.

मग आईला लकवा मारला.

उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. कोण आलं, कोण गेलं, दुधाचं पातेलं उतू चाललंय, सगळं. पण तोंडातून निघायचं फक्त "ता... ता...". आणि ही कोण बाई, तर जी मुकुटबनहून लग्न होऊन आली ती बोलत बोलतच आली, असं माझे वडील म्हणत. दारात आलेला पोस्टमन असो की मीटरवाला, दोन गोष्टी बोलून, काहीतरी खाऊ घालूनच ती त्याला सोडायची. यवतमाळच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बोलणं परत येईल किंवा येणारही नाही. पण त्यांनी कसंही करून आपलं म्हणणं सांगत राहिलं पाहिजे. सांगणं सोडलं की माणूस आतल्या आत बसत जातं, आणि मग तिथून बाहेर काढणं अवघड. ते माझ्या डोळ्यांसमोर व्हायला लागलंच होतं. दोन महिन्यांत आईनं भिंतीकडे तोंड करून पडायला सुरुवात केली होती. जेवण दोन घासांवर आलं होतं.

घरात आम्ही दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आणि लग्न मी केलं नाही. का, ते इथं सांगत बसत नाही. दिवसा मी शाळेत, आईजवळ पुष्पाबाई. पुष्पाबाई जीव लावणारी, पण अक्षराशी तिची कधी भेट झालेली नाही. मी एक टॅब आणला. त्यात चित्राला बोट लावलं की शब्द बोलून दाखवणारा प्रोग्राम होता. पण आईचा डावा हात थरथरायचा, बोट भलतीकडे पडायचं, आणि एकदा बाहेर पडलं की पुष्पाबाईला परत आत शिरता यायचं नाही. एकदा शाळेतून आले तर आईच्या मांडीवर टॅब आणि टॅबमध्ये एक नटवी बाई केस गळतीवर उपाय सांगत होती. पुष्पाबाई म्हणाली, "मी कायले हात लावू बाप्पा! ते आपल्या मनानंच बोलून राह्यलं." आई भिंतीकडे बघत होती.

मी टॅब पिशवीत टाकला आणि उस्तादांच्या दुकानात जाऊन रडले. रडायला गेले नव्हते, टॅब दाखवायला गेले होते, पण रडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोन वेळा टॅब चालू-बंद केला आणि मला परत दिला. "यात भाभीले दहा दरवाजे उघडा लागतात, मंग पाणी भेटते," म्हणाले. "आपण आंगणच काढून टाकू. लाइन आली का भाभीचे शब्द सामोर. मंधात काही नाही. ना घड्याळ, ना डोंगर, ना पुसापुसी."

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या भंगारवाल्याकडून त्यांनी एका मोडक्या मशीनची बोटानं चालणारी मोठी काच पैदा केली. एसटीत मांडीवर घेऊन, चादरीत गुंडाळून आणली. सलीमचा जुना कॉम्प्युटर होताच. त्यातून त्यांनी एकेक गोष्ट उपटायला सुरुवात केली. नाव आणि पासवर्ड विचारणं काढलं. माउसचा बाण काढला. थोड्या वेळानं पडदा झोपतो, ते काढलं. मध्येच लाइन गेली तर आतलं काही बिघडू नये म्हणून त्यावर काही लिहिलंच जाणार नाही अशी सोय केली. प्रोग्राम चुकून बंद पडला तर त्यानं आपला आपण परत उठायचं, असंही सांगून ठेवलं. राहिली फक्त चित्रं. पण एक अडचण काही केल्या सुटेना. दहादा प्लग उपटला की सहादा चित्रं यायची आणि चारदा पडदा काळाठिक्कर.

त्यासाठी ते रोज संध्याकाळी सलीमला फोन करत. हे मला फार नंतर कळलं, की त्याआधी बापलेकाचं बोलणं "तब्येत बरी?" "बरी" एवढ्यावर येऊन थांबलं होतं. सलीम पहिल्यांदा चिडलाच, की अब्बा, तयार मिळतं सगळं, कशाला डोकं लावता? मग हळूहळू तोही गुंतला. शेवटी त्यानंच शोधून काढलं, की पडदा तयार व्हायच्या आधीच प्रोग्राम उठतो, त्याला दाखवायला जागा मिळत नाही आणि तो मुकाट मरतो. त्याला जरा थांबायला शिकवा. उस्ताद दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेच्या फाटकाशी हजर. लहान पोरासारखे खूश. "मॅडम, मांडव टाकायच्या आधीच नवरदेव येऊन उभा राहून राह्यला होता! आता त्याले सांगतलं, पैले मांडव पाह्य, मंग ये." त्या दिवशी त्यांनी म्हणे तीस वेळा प्लग उपटला. तीसही वेळा चित्रं आली.

ज्या दिवशी मशीन घरी बसवली त्या दिवशी मी शाळेत होते. आले तेव्हा आईच्या खाटेशेजारी स्टुलावर तो मोठा पडदा आणि उस्ताद पुष्पाबाईला धडा देत होते. "लाइन गेली? जाऊ द्या. आली? हात नाही लावाचा. पडदा काळा राहीन, पांढरे अक्षरं पळतीन, भ्यायचं नाही. चाळीसपर्यंत मोजा." पुष्पाबाई म्हणाली, "मले विसापर्यंतच येते." उस्ताद म्हणाले, "मंग दोन खेपा मोजा." पडद्यावर सहा चित्रं होती. पाणी, भूक, औषध, दुखतंय, संडास, पंखा. डॉक्टरांनी दिलेल्या यादीवरूनच मी ती उस्तादांना लिहून दिली होती. चित्राला बोट लावलं की आवाज येई, आणि आवाज उस्तादांचा! "मले पाणी पाह्यजे." खर्जातला, पानानं जाड झालेला. मी तोंडावर हात ठेवला. ते ओशाळून म्हणाले, "सध्या माहा आवाज भरला. तुमी शाळेत होत्या ना. मंग तुमी तुमचा भरा."

आईनं त्यांच्या आग्रहाखातर एकदा पाणी दाबलं. पुष्पाबाईनं पाणी दिलं. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. आईनं भिंतीकडे तोंड केलं आणि त्यानंतर आठ दिवस त्या पडद्याला बोट लावलं नाही.

मी किती विनवण्या केल्या, रागावले, बोट धरून चित्रावर टेकवलं. ती हात काढून घ्यायची. लाइन जायची, यायची, पुष्पाबाई इमानानं दोनदा वीसपर्यंत मोजायची, सहा चित्रं येऊन उभी राहायची आणि आई भिंत बघत राहायची. यंत्र अगदी बरोबर होतं. माझी आईच निघून चालली होती.

रविवारी दुपारी उस्ताद आले. गमछा अंथरला, फरशीवर बसले, दहा वेळा प्लग उपटून बघितला. "मशीन तं चांगली हाय," एवढंच म्हणाले, आणि डोकं खाजवत बसून राहिले. तेवढ्यात आईचं "ता, ता" सुरू झालं. तिनं मान वळवली होती. थरथरता डावा हात उचलला आणि आपण होऊन, कोणी न सांगता, भुकेच्या चित्रावर टेकवला. "मले भूक लागली," पडदा म्हणाला.

मला इतका आनंद झाला की मी धावतच स्वयंपाकघरात गेले. वरणभात मऊ कालवून ताट घेऊन आले. आईनं ताट लोटलं आणि पुन्हा तेच चित्र दाबलं. "मले भूक लागली." मी घास तोंडाशी नेला. तिनं हाताला फटका मारला. भात चादरीवर, माझ्या साडीवर. माझा तोल गेला. "अगं मग दाबतेस कशाला? किती छळशील!" मी ओरडले, हो, त्या अवस्थेतल्या आईवर ओरडले. तिचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती चित्र दाबायची आणि हात हवेत पुढे करायची, दाबायची आणि हात पुढे करायची.

उस्तादांनी पेचकस खाली ठेवला. "थांबा मॅडम," म्हणाले. "हात पाहा कोणाकडं हाय."

हात त्यांच्याकडे होता.

"भाभीले भूक नाही लागली. भाभी मले पुसून राह्यल्या, जेवले का म्हणून." आणि आईकडे वळून, "हो ना भाभी?" आईची मान जोरजोरात वरखाली व्हायला लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचं म्हणणं कोणाला तरी कळलं होतं, आणि ते तिच्या पोटच्या मुलीला कळलेलं नव्हतं. मला आजही त्याची लाज वाटते.

उस्तादांनी आधी ते ताट ओढून घेतलं आणि उरलेला वरणभात तिथंच खाल्ला. घरून जेवून आले होते हे मला पक्कं माहीत होतं. खाता खाता बोलत होते. "मी पैल्या खेपी या घरी आलतो तवा तुमी इतक्याशा होत्या. मी नवीनच कारागीर. रेडिओ खोलून बसलो, तं भाभीनं पैले हेच पुसलं, भाऊ, जेवले का? सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी कोणाले सांगतलं नव्हतं, पण पुसलं का पुसल्यानंच अर्धं पोट भरते, बेटा." हात धुऊन आले आणि पडद्यासमोर उभे राहिले. "पाहा ना, आपण सारे मांगायचेच बटन केले. पाणी दे, दवा दे, पंखा लाव. या बाईनं जिंदगीत कोणाले काही मांगतलं का? भाभीले मांगायचं नाही. भाभीले पुसायचं हाय."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून यायच्या आत चार नवी चित्रं आली होती. ताट: "जेवले का?" कप: "च्या मांडू का?" घर: "घरचे कशे हायेत?" आणि दार: "बसा ना, जाता काहून?" पुढे आठवड्याभरात आणखी एक आलं, पळीचं. "बसा. वाढते." हे त्यांनी बाईमाणसासारखं "वाढते" म्हणून भरलं होतं, आणि त्या खर्जातून ते ऐकून पुष्पाबाई पदर तोंडात कोंबून हसायची. "मंग काय वाढतो म्हणू?" उस्ताद म्हणाले. "बोलून राह्यल्या भाभी. मी नुसता भोंगा हाव."

आईनं भिंतीकडे बघणं सोडलं. एकदम नाही, पण सोडलं. गॅस सिलिंडरवाल्याला तिनं पहिल्यांदा विचारलं, "जेवले का?" तो बिचारा घरात पुरुष कुठं आहे ते शोधायला लागला. शेजारणी मुद्दाम येऊन बसायला लागल्या. कोणी उठलं की "बसा ना, जाता काहून?" आणि बाई परत बसायच्याच. शाळेतून आल्यावर माझे हातपाय धुवायचे बाकी असताना आतून उस्तादांचा आवाज यायचा, "च्या मांडू का?" चहा अर्थात मलाच मांडायचा होता. पण विचारलं तिनं होतं. तिचं जेवण वाढलं. विचारून झालं की मग ती स्वतःसाठीही मागायला लागली, पाणी, पंखा, सगळं.

दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं, की पुरे झालं हे, आईनं माझ्या आवाजात बोलावं. उस्तादांनी आनंदानं शिकवलं कसं भरायचं ते. मी तीन वाक्यं भरली. माझ्या आवाजातलं "जेवले का?" म्हणजे गृहपाठ केला का, असंच वाटत होतं. आईनं ऐकलं आणि माझ्याकडे असं काही बघितलं, की मीच ते पुसून टाकलं. वीस वर्षं पोरांवर ओरडून माझ्या आवाजाचं हे झालंय. उस्तादांना सांगितलं तर पोट धरून हसले.

मशीन बघायला ते दर दीड-दोन महिन्यांनी येत. बिघडलेली नसली तरी येत. प्लग उपटत, आई विचारी, ते जेवत. अशी दोन वर्षं गेली. शेवटचे आले त्या दिवशी दारातून आत येऊन थेट खुर्चीवर बसले. मी बघितलं, आणि मला काही कळलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं. गमछा खांद्यावरच राहिला. प्लग त्यांनी तीनच वेळा उपटला. "आता हिले सवय झाली," म्हणाले. जेवायलाही नको म्हणाले, नुसता चहा घेतला. उठले तशी आईनं दार दाबलं. "बसा ना, जाता काहून?" ते हसून परत बसले. पाच मिनिटांनी पुन्हा उठले. पुन्हा तेच. "भाभी," ते म्हणाले, "माह्याच आवाजानं मले कितीक खेपा थांबवान?" आणि चपला घालून, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरून गेले.

पंधरा दिवसांनी नागपूरच्या दवाखान्यातून निरोप आला, उस्ताद गेले. छातीचं दुखणं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. आईला मी सांगितलं. तिनं त्या दिवशी कुठल्याच चित्राला हात लावला नाही.

सलीम आला तो त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी, भर दुपारी. संध्याकाळी तो पुण्याला परत निघणार होता. आधी कधी आमच्या घरी आलेला नव्हता. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. त्यानं खिशातून सुपारीची डबी काढली. "मॅडम, अब्बांच्या पेटीत हे होतं. तुमच्यासाठी आहे बहुतेक." डबीत एक चिमुकलं मेमरी कार्ड आणि चिठ्ठी. मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात: 'भाभीची मशीन. बिगडली तर हे लावा. चाळीस मोजा.'

मी खुर्ची पुढे केली. पण तो पडद्यापाशी गेला आणि मागच्या वायरी बघायला फरशीवर मांडी घालूनच बसला. "चालतं ना नीट? एकदा बघू?" म्हणाला, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता चालू मशीनचा प्लग खाडकन उपटला. त्यानं तो परत लावला आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागला. एक, दो, तीन. पडदा काळा. पांढरी अक्षरं पळाली. परत काळा.

मला त्याला आधीच सांगायला हवं होतं. त्या प्रोग्रामची ओळ न् ओळ त्याला पाठ होती, फोनवरून त्यानंच बापाला सांगितली होती. पण आवाज भरायचं काम उस्तादांनी एकट्यानं केलं होतं, आणि आपला आवाज दिलाय हे ते मुलाला कधी बोलले असतील असं मला वाटत नाही. मी तोंड उघडेपर्यंत त्याचे छत्तीस-सदतीस झाले होते आणि चित्रं आली होती. आई केव्हाची उठून उशीला टेकून बसली होती. घरात माणूस आला होता, फरशीवर बसला होता, चेहरा सुकलेला होता. तिचा डावा हात पुढे झाला.

"जेवले का?" उस्तादांनी विचारलं.

सलीमच्या हातातली वायर सुटली. तो पडद्याकडे बघत राहिला. आईला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून तिनं पुन्हा दाबलं.

"जेवले का?"

"नै खाया, अब्बा," तो म्हणाला. मग दोन्ही हातांत तोंड घेऊन बसला, आणि बराच वेळ त्याचे खांदे हलत होते. मग बाहीनं डोळे पुसून आईकडे बघत म्हणाला, "नाही काकू. सकाळपासून काही खाल्लं नाही."

आईचं बोट चित्रांवरून सावकाश फिरलं आणि पळीवर थांबलं.

"बसा," उस्ताद म्हणाले. "वाढते."

मी स्वयंपाकघरात गेले. तुरीच्या सोल्यांची भाजी गरमच होती.